कोयता रिडिम

रविवारी दुपारी चारला आम्ही टॅक्सीत बसलो तेव्हा माझ्या मांडीवर लॅपटॉप होता आणि स्पृहा सासूबाईंच्या मांडीवर. हे उलटं असायला हवं होतं, असं मला लालबागच्या सिग्नलपासून नायगावपर्यंत वाटत राहिलं.

स्पृहा नऊ महिन्यांची आहे. तिच्या कानांवर गुलाबी रंगाची कानझाकणं होती, मोठ्या आवाजात लहान मुलांना घालायची. मी ती मुद्दाम मागवली होती आणि तिला सवय व्हावी म्हणून तीन दिवस घरातच घालून ठेवली होती. पिशवीत तिची पेज, दोन झबली, नॅपी, ओले रुमाल आणि थर्मामीटर.

"थर्मामीटर कित्याक?" आईंनी विचारलं. सासूबाईंना मी आईच म्हणते. त्या मूळच्या कुडाळच्या. चाळीस वर्षं लालबागमध्ये काढून, मिस्टरांच्या ऑफिसातल्या लोकांशी शुद्ध मराठी बोलूनसुद्धा, राग आणि लाड मात्र त्या मालवणीतच करतात.

"असू दे हो."

"थंय गेल्यार चेडवाक ताप येतलो, असा पत्र इला काय तुका?"

टॅक्सीवाला हसला. मी पिशवीत हात घालून थर्मामीटर आहे ना, ते परत एकदा बघितलं.

आम्ही कुठे निघालो होतो, ते सांगते. मी आणि तेजस्वी, दोघी मिळून बीट बनवतो. म्हणजे गाण्याचा वाजता भाग: ढोल, बास, मधले छोटेमोठे आवाज. शब्द दुसऱ्या कोणीतरी म्हणायचे. परळच्या कॉलेजात स्टॅटिस्टिक्सच्या वर्गात आम्ही एका बाकावर बसायचो. तेजस्वी वरळी कोळीवाड्यातली; तिची आई, सोनूबाई, वरळीच्या बाजारात मासे विकते. एकदा कोणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून तिच्याकडे जमैकाची नाचाची गाणी आली. लेक्चर बुडवून तिने मला ती कँटीनमध्ये ऐकवली. शब्द एकही कळला नाही. पण ढोल जिथे पडेल असं वाटतं तिथे पडत नव्हता, जरा मागे रेंगाळून पडत होता, आणि त्या रेंगाळण्यात कंबर आपोआप हलत होती.

"मनवा, हे तर आमच्या हळदीतलं आहे!" ती म्हणाली. "आमच्या मावश्या याच्यावर सकाळपर्यंत नाचतील. भाषा बदलली म्हणून कोणाला कळणार पण नाही."

मी तोवर हिप-हॉपवाली होते. मला तो जड, संथ, छातीत बसणारा ढोल आवडायचा आणि त्याच्यावर आपल्याकडची पोरं मराठीत फाडफाड बोलायची ते आवडायचं. मग आम्ही तिचं आणि माझं एकत्र कालवायला लागलो. तिची कंबर आणि माझं डोकं, असं ती सगळ्यांना सांगते. आवाज गोळा करायचं काम तिचं, ते जागच्या जागी बसवायचं माझं. लग्न झालं, नोकरी लागली, तरी हे सुटलं नाही. दोन वर्षांत आम्ही अकरा बीट पूर्ण केल्या होत्या.

अकरांपैकी एकीवरही कोणी गायलं नव्हतं.

जमैकात अशा बीटला रिडिम म्हणतात, आणि तिकडची रीत अशी की प्रत्येक रिडिमला स्वतःचं नाव असतं आणि एकाच रिडिमवर दहा जण आपापली दहा गाणी म्हणतात. ज्या रिडिमवर जास्त लोक गातात, ती मोठी. कोणीच गायलं नाही तर ती नुसती फाइल. ही रीत जयवंत नावाच्या एका माणसाने नायगावात आणली. त्याने काळाचौकीच्या एका सुताराकडून माणसाहून उंच स्पीकर बनवून घेतले, आणि महिन्यातल्या एका रविवारी एका जुन्या व्यायामशाळेच्या हॉलमध्ये तो ते लावतो. आपल्याकडच्या पोरांना स्पीकरची भिंत म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. गणपतीत सगळं शिकून झालेलं असतं. संध्याकाळी पाच ते आठ. तीन रिडिम वाजतात. मधोमध स्टँडवर एक माइक उभा असतो. जयवंत कोणाला बोलावत नाही, कोणाचं नाव घेत नाही. ज्याला रिडिम आवडेल त्याने स्वतः उठून माइक उचलायचा. कोणी उठलं नाही, तर सहा मिनिटं रिडिम एकटीच वाजते आणि संपते. सगळ्यांसमोर.

या वेळच्या तिनांत आमची एक होती. आणि आम्ही दोघींनी ठरवलं होतं, की या वेळीही माइक स्टँडवरच राहिला तर थांबायचं. सोनूबाईंचे गुडघे गेलेत, त्यांना तेजस्वी बाजारात जागेवर बसायला हवी आहे. माझी रजा संपून मी पुढच्या महिन्यात ऑफिसला जाणार. ऑफिस, स्पृहा आणि वर हे, असं तिसरं काहीतरी करायचं तर त्याला निदान एक माणूस तरी हो म्हणणारा हवा.

रिडिमचं नाव होतं कोयता. तेजस्वीने बाजारात फोन धरून तिच्या आईचं सुरमई कापणं रेकॉर्ड केलं होतं. लाकडाच्या ठोकळ्यावर पहिला घाव जड, मग दोन हलके, मग जरासा थांबा, कारण तेवढ्यात सोनूबाई तुकडा बाजूला सारतात. मग परत. धप्प, खट खट, आणि थांबा. तो थांबा ऐकून मी उडालेच होते. तो आम्हाला कुठल्याही मशीनवर जमला नसता.

"आई डाव्या हाताला बसते," तेजस्वीने मला बजावलं होतं. "बाजारात शिरलं की डावीकडे पहिली. म्हणून कोयता डावीकडून आला पाहिजे."

मी तो डावीकडे ठेवला.

हॉलवर पोचलो तेव्हा सव्वाचार झाले होते. आई स्पृहाला घेऊन बाहेरच्या व्हरांड्यात बाकावर बसल्या. मी आत गेले. तेजस्वी आधीच आली होती, केसांत अबोलीचा गजरा, पायात लाल बूट.

"गजरा?"

"आईने माळला. म्हणाली, चारचौघांत चाललीस ना, माणसात जा."

जयवंत तिशीतला, बारीक, गळ्यात टॉर्च अडकवलेला. त्याने आमची फाइल लावली. पहिल्यांदा बास आला आणि हॉलच्या खिडक्यांच्या काचा थरथरल्या. माझ्या अंगावर काटा आला. हा बास मी लालबागच्या साडेदहा बाय बाराच्या खोलीत बसून बनवला होता, पोळपाटावर मूठ आपटून. आणि मग कोयता आला.

डावीकडची भिंत अक्षरशः किंचाळली. धप्प नाही, खट नाही, पत्र्यावर पत्रा फाडावा तसा आवाज. जयवंतने झेप घेऊन आवाज बंद केला.

"हे काय आहे?"

त्याने मशीनवरच्या लाल दिव्याकडे बोट केलं.

"डाव्या बाजूला एवढं भरलंय, आणि उजवीकडे नुसता बास. वहिनी, हे मी वाजवलं तर माझे वरचे स्पीकर जळतील." तो ओरडून बोलला नाही, ओरडला असता तर बरं वाटलं असतं. "पाचला दार उघडतो मी. तोपर्यंत नवीन फाइल द्या. नाहीतर पुढच्या महिन्यात बघू."

तेजस्वी माझ्याकडे वळली. "तू ऐकलं नव्हतंस?"

"तू ऐकलं नव्हतंस? शुक्रवारी पाठवली होती तुला! 'मस्त' म्हणालीस, वर माशाचे तीन इमोजी पाठवलेस."

"अगं मी बाजारात होते. फोनवर ऐकली. बाजूला चार जणी पापलेटवरून भांडत होत्या. त्यांच्यात मला जे काय ऐकू आलं ते मस्तच होतं."

हॉलच्या मागे कपडे बदलायची छोटी खोली आहे, तिथे मी लॅपटॉप उघडला. वीस मिनिटं सहज मिळतील, आवाज कमी-जास्त करायचा आहे फक्त, मी करते, असं म्हणत मी हेडफोन डोक्याला लावला आणि डावा कप सवयीने कानामागे सरकवला.

"हे काय केलंस?" तेजस्वी म्हणाली.

"काय केलं?"

"डावा कान उघडा का ठेवलास?"

मला एक क्षण प्रश्नच कळला नाही. इतकं ते माझ्या हाताला लागलं होतं.

स्पृहा पाच आठवडे आधी झाली. एकोणीस दिवस काचेच्या पेटीत होती. पेटीशेजारच्या मशीनचा टिक टिक आवाज चालू आहे तोवर सगळं ठीक, असं तिथल्या सिस्टरने मला सांगितलं होतं, आणि मी एकोणीस दिवस तो आवाज ऐकत बसले होते. घरी आणल्यावर मशीन नव्हतं. मग मी तिचा श्वास ऐकायला लागले. ती सकाळी अकरा ते साडेबारा झोपते, तेवढ्याच वेळात मी काम करायचे. उजव्या कानात कोयता, डाव्या कानात स्पृहा. बारीकशी हू केली तरी कळलं पाहिजे. ही संपूर्ण रिडिम मी एका कानाने बनवली होती.

"कधीपासून?" तेजस्वीने विचारलं.

"ती घरी आली तेव्हापासून."

"म्हणजे डावीकडे ठेवलेला कोयता तुला ऐकूच येत नव्हता."

"यायचा. बारीक. म्हणून वाढवत गेले." मला आता रोजचं काम डोळ्यांसमोर दिसत होतं. कोयता कमी वाटतोय, वाढव. अजून कमी वाटतोय, अजून वाढव. पडद्यावरची पट्टी लाल होत असणार, पण मी पडद्याकडे बघतच नव्हते, पाळण्याकडे बघत होते. स्टॅटिस्टिक्समध्ये पहिल्या वर्गात पास झालेली बाई मी.

तेजस्वी हसायला लागली. मोठ्याने, भिंतीला टेकून. मला रडू येत होतं. मग ती माझ्यासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "दोन्ही घाल."

"हो, घालते."

"घाल ना मग."

तेवढ्यात बाहेर व्हरांड्यात स्पृहा रडायला लागली.

ते भुकेचं रडणं नव्हतं. मी दिसेनाशी झाले की ती आधी दोनदा कुरकुरते आणि मग एकदम टिपेला जाते, ते होतं. मी उठले. लॅपटॉप मांडीवरून घसरला, तेजस्वीने धरला. व्हरांड्याच्या दारात गेले तर आई स्पृहाला खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालत होत्या.

"द्या माझ्याकडे. पाच मिनिटं."

"तुझा काम झाला?"

"नाही, पण ती..."

"मग जा." आईंनी माझ्याकडे पाठ केली, म्हणजे स्पृहाचं तोंड माझ्याकडे आलं आणि ती हात पसरून आणखीच रडली. "मी दोन पोरां वाढवलंय गो. एक तुका दिलंय, तो चालता-बोलता आसा मा? माका पोर धरूक येणा नाय असा वाटता काय तुका?"

"तसं नाही, आई..."

"रडान रडान गप रव्हतली. तू हयसर उभी रवलंस तर नाय रव्हची. जा!"

आई मला कधी ओरडत नाहीत. मी खोलीत परत आले. तेजस्वीने लॅपटॉप माझ्या मांडीवर ठेवला. ती उठून दारात उभी राहिली, अशी की तिला व्हरांड्यातल्या आई दिसतील आणि मला ती. माझ्याकडे बघून तिने अंगठा वर केला.

मी दोन्ही कान झाकले.

स्पृहाचं रडणं मधेच कापल्यासारखं थांबलं. व्हरांडा गेला, रस्ता गेला, पंखा गेला. नऊ महिन्यांत पहिल्यांदा माझी मुलगी जवळ असून मला तिचा आवाज येत नव्हता. मी तेजस्वीकडे बघितलं. अंगठा वर. मी प्लेचं बटण दाबलं.

ही रिडिम मी दीड महिना ऐकली होती आणि ती मला माहीतच नव्हती. उजवीकडे माझ्या पोळपाटाचा बास, आणि डावीकडे कोयता, कानठळ्या बसवणारा. मी त्याला खाली आणायला लागले. अर्ध्यावर आणला. मग त्याच्या आड दडलेलं बाकीचं ऐकू यायला लागलं: ठोकळ्याच्या लाकडाचा पोकळ घुमारा, सोनूबाईंच्या बांगड्यांची किणकिण, आणि थांब्याच्या जागी, अगदी पुसट, त्यांचा श्वास. घाव घालताना त्या श्वास रोखतात आणि तुकडा सारताना सोडतात. त्यांचं रेंगाळणं तिथून येत होतं. मी अंगठा बघितला. वर होता. मी श्वास तेवढा जरासा वाढवला.

मग कोयता आणखी खाली. तेजस्वी आत आली, हेडफोनचा एक कप उचलून स्वतःच्या कानाला लावला आणि ऐकून म्हणाली, "एवढा खाली नको नेऊ. माझी आई आहे ती."

मी दोन पट्ट्या वर केला. तिने मान हलवली.

पाचला सात कमी असताना मी हेडफोन काढला. बाहेर काहीच आवाज नव्हता. मी धावत व्हरांड्यात गेले. स्पृहा आईंच्या मांडीवर बसून रवाळ पेज खात होती. डोळे ओले, गाल लाल, आणि माझ्याकडे बघून तिने नुसती चमच्यासाठी तोंड उघडलं.

"झाला?" आई म्हणाल्या.

"झालं."

"मगे येवढा घामान भिजूक काय झाला? वारो घे जरा."

साडेपाचपर्यंत हॉल भरला. शंभर-सव्वाशे लोक असतील. वरळीची, लोअर परळची, माझगावची पोरं, थोड्या मुली, एका कोपऱ्यात व्यायामशाळेचे दोन म्हातारे कुतूहलाने उभे. माझा नवरा अनिश ऑफिसचं काम आटपून दादरहून थेट आला आणि त्याने स्पृहाला घेतलं. मी तिची कानझाकणं नीट बसली आहेत का ते बघितलं. सोनूबाईसुद्धा आल्या, बाजार उरकून, नऊवारी नेसून, गळ्यात बोरमाळ. आईंच्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या आणि दोघींचं लगेच बांगड्याच्या भावावर सुरू झालं.

पहिली रिडिम वाजली. चार जणांनी माइक घेतला. दुसरीवर तिघांनी. त्या बनवणारी दोन्ही पोरं माझ्याहून लहान आणि बीट चांगल्या होत्या, खोटं कशाला बोलू.

मग जयवंतने स्वतः माइकजवळ येऊन एवढंच म्हटलं, "कोयता." आणि बाजूला झाला.

बास आला. नंतर डावीकडून कोयता. धप्प, खट खट, थांबा. या वेळी किंचाळला नाही. बाजारात शिरल्यावर डाव्या हाताला येतो तसाच आला.

"ये बाय!" सोनूबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "ह्यो त माझा हात हाय!"

"आवाज झकास आसा," आई म्हणाल्या. "पण मासो खंय?"

लोक डोलायला लागले. पण माइक उभाच. मी मनात मोजत होते. आठ आवर्तनं गेली. सोळा. माझ्या शेजारी तेजस्वीने स्वतःचा गजरा सोडवायला घेतला होता, एकेक फूल. मग काळाचौकीची सीमा नावाची मुलगी उठली. तिने माइक उचलला, पहिली ओळ टाकली, आणि थांब्यापाशी अडखळली. तिथे घाव येईल असं तिने धरलं होतं, तो आला उशिरा. दुसऱ्यांदा सुरू केलं, परत तिथेच. ती हसली, 'सॉरी' म्हणाली आणि माइक स्टँडवर ठेवून जागेवर गेली.

कोणी न उठण्यापेक्षा हे वाईट होतं. आता सगळ्यांना वाटणार की बीटच वाकडी आहे. तेजस्वी मला म्हणाली, "झालं," पण मी समोरच्या भिंतीकडे बघत होते.

भिंतीला टेकून दौलत उभा होता. वरळीच्या बीडीडी चाळीतला, या सगळ्यांत ज्याचं नाव मोठं आहे तो. पहिल्या दोन रिडिमवर तो जागचा हलला नव्हता. आताही हलला नव्हता, पण त्याचा उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता. पहिलं पेर, दुसरं, तिसरं, मग अंगठा हवेतच थांबायचा. परत पहिलं. तो मोजत होता.

"तेजू," मी म्हटलं, "तो श्वास मोजतोय. तुझ्या आईचा."

"कोण?"

तेवढ्यात दौलत भिंतीपासून सुटला. घाईने नाही. माइक उचलला, तरी गायला नाही. एक आवर्तन नुसता उभा राहिला, डोळे मिटून. मग थांब्याच्या बरोब्बर आधी श्वास घेतला, घाव जाऊ दिला, आणि त्याच्या मागून आला:

"चाळ गेली, चावी राहिली, कुलूप कुठे लावू?
बाविसाव्या मजल्यावरून हाक कोणाला देऊ?"

हॉल एकदम पुढे सरकला. मला शब्दांत सांगता येत नाही; शंभर माणसं एकाच वेळी तेवढंच रेंगाळली आणि तेवढ्याच उशिराने पाय आपटला. मागच्या पोरांनी खुर्च्यांच्या पत्र्यावर हात मारायला सुरुवात केली. दौलतचं संपायच्या आत सीमा पळत आली, त्याच्या हातातून माइक जवळजवळ हिसकावला, आणि या वेळी तिला तो थांबा सापडला. तिच्या मागे माझगावचा एक मुलगा. त्याच्या मागे आणखी दोघं, रांगेत.

आणि जयवंतने हात मारून आमची रिडिम बंद केली.

हॉलमध्ये नुसता आरडाओरडा. "परत! परत!"

"फ्यूज गेलो?" आईंनी घाबरून माझा दंड धरला. "तरी मी म्हटलंय, येवढे मोठे डबे लायल्यार मीटर सोसूचो नाय."

"फ्यूज नाही गेला, आई." मी त्यांच्या कानाशी वाकले. "लोकांना इतकी आवडली ना, की मग अशी मधेच बंद करतात आणि पहिल्यापासून लावतात. याच्याहून मोठा मान नाही यांच्यात."

"बंद करूचो मान?"

"हो."

त्यांनी थोडा विचार केला. "जिलबी संपली की दुसऱ्यांदा पान वाढतत, तसा?"

"तसंच."

"मग वाढूक सांग त्याका," आई म्हणाल्या, आणि सोनूबाईंकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा शुद्ध मराठीत बोलल्या, "ही आमची सून. हिने केलंय हे."

"आन ती माझी पोर," सोनूबाई म्हणाल्या. "आन कोयता माझा."

जयवंत आम्हाला हात करून बोलावत होता. मी अनिशकडे बघितलं. त्याच्या कडेवर स्पृहा, डोळे टक्क उघडे, एवढ्या माणसांकडे बघत. त्याने मला हाताने 'जा, जा' केलं. मी आणि तेजस्वी गर्दीतून वाट काढत पुढे गेलो. लोक बाजूला होत होते. कोणीतरी विचारलं, "ह्या? ह्या दोघींची आहे?" आणि कोणीतरी म्हणालं, "हो रे, ह्या दोघींचीच."

मशीनजवळ पोचल्यावर जयवंत बाजूला सरकला. "पुन्हा लावायची ती ज्याची त्यानेच. मी नाही हात लावणार."

माइकपाशी आता सात जण होते. मी मोजले. दौलत परत रांगेत, सगळ्यात शेवटी. त्याने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "ताई, तो थांबा मुद्दाम ठेवलाय ना?"

"मुद्दाम," मी म्हटलं.

"याच्यावर पूर्ण गाणं करतो मी. फाइल लागेल."

"देते. नाव दोघींचं लाव. मनवा आणि तेजस्वी."

"तेजस्वी आणि मनवा," तेजस्वी म्हणाली.

"भांडा नंतर!" सीमा माइकमधून ओरडली. "लावा ना, ताई!"

तेजस्वीने माझं मनगट धरून बटणापाशी आणलं. समोर सगळा हॉल गप्प झाला होता, एवढा की खुर्ची सरकलेली ऐकू यावी. मी बटण दाबलं.